मी अलिबागवरून आलेय

"अरे, मी काय अलिबागवरून आलोय का?"

मुंबई-मांडवा रो-रो बोटीच्या वरच्या डेकवर, माझ्या शेजारी उभा राहून तो फोनवर कुणावर तरी वैतागत होता. मुंबईत या वाक्याचा अर्थ एकच – मी काय मूर्ख वाटलो?

मी मान वळवली. "मी आलेय अलिबागवरून. बोला."

त्याने फोन खिशात टाकला. कानाच्या पाळ्या लालेलाल. "सॉरी हं, मॅडम... मी तरी कुठला शहाणा? म्हसळ्याचा हाय. आमचं तर कोणी नावपण घेत न्हाय."

मला हसू आलं, ते मी कसंबसं दाबलं. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. हातात रविवारच्या व्याख्यानाची टिपणं होती : 'तीन देशांचं शहाणपण'.

"शिक्षा म्हणून रविवारी अलिबागच्या वाचनालयात यायचं," मी म्हटलं.

तो खरंच आला. स्वप्निल त्याचं नाव. कडक इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसला. मी सांगत होते – ग्रीकांच्या लेखी शहाणा तो, ज्याला आपल्याला काय कळत नाही ते कळतं. आपल्याकडची प्रज्ञा म्हणजे जे जसं आहे ते तसं पाहणं, काहीच टिकत नाही हेसुद्धा. आमच्या घरी रोज बुद्धवंदना होते, त्यामुळे प्रज्ञा हा शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकले. आणि चिनी शहाणा पाण्यासारखा असतो, कुणाशी न भांडता सखल जागा धरणारा.

प्रश्नांसाठी एकच हात वर झाला.

"मॅडम, बांध फुटला की आमच्या खाचरातलं पाणी खालच्या शेतात जातं. बाबा त्याला शिव्या घालतात. ते शहाणपण व्हय?"

सगळे हसले. मला उत्तर सुचेना. ग्रीक हिशोबाने त्या दिवशी मी भलतीच शहाणी ठरले.

मग तो दर शनिवारी मांडव्याला उतरू लागला. मुंबईहून म्हसळ्याला जायला माणगावची गाडी सरळ पडते. हा मात्र समुद्र ओलांडून, माझ्याबरोबर चहा पिऊन, दोन बस बदलत घरी जायचा. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, ते चौथ्या शनिवारी माझ्या लक्षात आलं. तोवर आम्ही 'अहो-जाहो' सोडून 'अरे-तुरे'वर आलो होतो, आणि मी शुक्रवारपासूनच ओढणी निवडू लागले होते.

जानेवारीत त्याच्या मुंबईतल्या कंपनीने त्याला मस्कतला पाठवायचं ठरवलं. तीन वर्षांसाठी.

निघायच्या दिवशी तो घरून येऊन बोटीने मुंबईला जाणार होता; मी मांडव्याच्या जेट्टीवर गेले. भुरभुर पाऊस होता, अवेळीच आलेला. त्याच्या भुवयांवर थेंब अडकले होते, आणि ते पुसावेत असं मला फार वाटत होतं.

"थांब म्हणायचा मला हक्क न्हाय," तो म्हणाला. "तीन वर्षांत माणूस बदलतो. काही टिकत न्हाय, तूच म्हणालीस ना?"

"म्हणाले."

"मग... शहाण्या मुलीने काय करावं?"

घरातली शहाणी मुलगी मीच. चुकीची गाडी कधी पकडली नाही, कुणाची वाट कधी पाहिली नाही. आता गप्प राहिले तर हा जाईल, आणि मी शहाणीच राहीन, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"शहाण्या मुलीने तुला शुभेच्छा द्याव्यात," मी म्हटलं, "आणि घरी जावं."

त्याने मान डोलावली, बॅग उचलली आणि वळला. बोटीचा भोंगा वाजला. मी त्याची बाही धरली.

"स्वप्निल... पण मी अलिबागवरून आलेय."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग बॅग हळूच खाली आली.

"म्हणजे... थांबशील?"

"थांबेन. तू मला आवडतोस. खूप." आणि मी त्याच्या भुवयांवरचे थेंब पुसले.

"मग मीपण आजपासून तुझ्याच गावचा," तो म्हणाला.

बोट सुटायला पाच मिनिटं होती. किती बोलायचं होतं. पण ती आम्ही अगदी मूर्खासारखी घालवली, नुसती एकमेकांकडे बघत.