दशरथची थाप

ऋषी जन्मला टोरांटोत, गाडी शिकला तिथेच. नोकरीसाठी वाघोलीत येऊन त्याला चार महिने झाले होते. पार्किंगमध्ये तो गाडी मागे घेऊ लागला की सोसायटीचा वॉचमन, वाशिमकडचा दशरथ, मागे जाऊन उभा राहायचा. "येऊ द्या सायेब... येऊ द्या... बस." काच उघडी असायची, म्हणून सगळं सुरळीत चालायचं.

त्या संध्याकाळी उकडत होतं. एसीसाठी काचा बंद होत्या आणि ऋषी फोनवर बोलत होता, मागच्या कॅमेऱ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. मागून डिकीवर दोन थापा पडल्या. थाप म्हणजे थांबा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ऋषीच्या टोरांटोत मात्र गाडीवर थाप मारतात ती "चल, नीघ" म्हणून. त्याने गाडी आणखी मागे रेटली. मागे भिंत होती, आणि मध्ये दशरथ.

चूक एक वेळ माफ झाली असती. पण दशरथची बायको मुक्ताई हिने पोलिसांसमोर एवढंच विचारलं होतं, "त्याईनं थाप नाई मारली का जी?" आणि ऋषीने खाली बघून सांगितलं, "नाही." मग काय, दशरथचाच निष्काळजीपणा असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मेलेला माणूस थोडाच तक्रार करतोय!

पोलिसांकडून गाडी परत मिळाली त्या दिवसापासून रिव्हर्स टाकला की डिकीवर दोन थापा पडू लागल्या. कॅमेऱ्यात नुसती भिंत दिसायची. उतरून पाहावं, तर दशरथ मळायचा तशा, चुना लावून नुकत्याच मळलेल्या तंबाखूचा वास... ऋषीला स्वतःची शरम वाटायची, भीतीपेक्षाही जास्त.

महिन्याभराने मुक्ताई नवऱ्याची घोंगडी न्यायला आली. ती गावी परत निघाली होती. ऋषीला राहवलं नाही.

"मी खोटं बोललो, मुक्ताई. त्यांनी थाप मारली होती. मला अर्थ कळला नाही."

तिने घोंगडीची घडी घातली. "किती मारल्या?"

"दोन."

"दोन नाई, सायेब..." तिचा आवाज अगदी शांत होता. "आमच्या खोलीच्या पत्र्यावर रोज पहाटे तीन पडतात. तिसरी लई हळू असते."

घोंगडी काखेत मारून ती फाटकाबाहेर गेली. ऋषी तिथेच खाली बसला. तिसरी थाप त्याने ऐकली होती, गाडी भिंतीपर्यंत गेल्यावर. ती ऐकूनही फोनवरचं वाक्य पुरं करून मगच त्याने गाडी पुढे घेतली होती, आणि हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.