सागवानातली सहा वर्षे

मंगळावरच्या तिसऱ्या वनघुमटात तपासणीसाठी आलेल्या लाकूडतज्ज्ञ डॉ. वनिता बोरकुटे यांनी राखणदाराकडे सापडलेला लाकडी पाट टेबलावर उभा धरला. धारदार पात्याने त्याच्या आडव्या कापावर नखाएवढी जागा तासली आणि डोळ्याला भिंग लावले.

"काष्ठपारखी यंत्र काय म्हणतंय?" नियंत्रक मेहेंदळ्यांनी विचारले.

"सागवान. पृथ्वीवरचं."

"मग संपलंच की!"

"थांबा हो. यंत्राने एवढीच जागा पाहिलीय." त्यांनी भिंग पुढे केले. "ही भोकं दिसली? झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या. पाऊस सुरू झाला की सागवान मोठ्या नळ्यांची ओळ घालतं, पुढे बारीक घालतं, कोरड्या दिवसांत थांबतं. एका वर्षाचं एक ऋतुकडं. तुमच्या घुमटात बारमाही सारखं पाणी, सारखा उजेड. इथल्या झाडांना कडी नसतात. सकाळी मी बारा झाडांत पोकळ सळई घालून नमुने काढून पाहिले, एकातही नाही."

"आणि पाटात आहेत. म्हणजे माल मालवाहू यानातून चोरून आणलेला."

कोपऱ्यात अंबादासबुवा टेंभुर्णे हात जोडून बसले होते. सत्तावीस वर्षे ते या घुमटाची राखण करत होते. पृथ्वीवरच्या जंगलाचे लाकूड आणणाऱ्याला परत पाठवायचे, असा वसाहतीचा नियम होता. मंगळाच्या हलक्या ओढीला सरावलेले त्यांचे हृदय पृथ्वीवर उतरताना टिकणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच लिहून दिले होते.

"इथलंच झाड आहे, बाई," ते म्हणाले. "उत्तरेच्या कोपऱ्यातलं. उन्मळून पडलं. नियमाप्रमाणे खोड खताच्या गिरणीत घातलं. एवढी एक फळी ठेवली."

"म्हणजे पुरावाही गिरणीत!" मेहेंदळे म्हणाले आणि निघून गेले.

वनिताबाईंनी पाते पुन्हा हाती घेतले. एका जागेवर निकाल देणे त्यांना पटत नव्हते. त्या गाभ्यापासून बाहेरच्या बाजूला तासत निघाल्या. एकोणीस कडी. जवळजवळ सगळी एका मापाची. फक्त तिसरे, अकरावे आणि चौदावे ठळकपणे रुंद.

"बुवा, एवढा मोजून पाऊस कुठे पडतो?"

बुवा थोडे अडखळले. "मीच पाडत होतो. त्या झाडाखाली कीर्तन करायचो. चातुर्मास असल्यावाचून मन लागेना. त्या एका झाडाला निराळी तोटी घेतली. आषाढी एकादशीला सोडायची, कार्तिकीला आवळायची. बाकी आठ महिने नुसतं जगण्यापुरतं."

"आणि ही रुंद कडी?"

"तेव्हा श्रावण-भाद्रपद-अश्विनात अधिक महिना आला असेल. चातुर्मास पाच महिन्यांचा होतो ना!"

बाईंनी हातातल्या संगणकपाटीवर पंचांग उघडले. तिसरे, अकरावे, चौदावे वर्ष. तंतोतंत जुळले. पृथ्वीवरचा पाऊस काही पंचांग बघून पडत नाही.

"तोटी यूसुफ फिरवायचा," बुवा सांगू लागले. "यूसुफ तांबोळी, पंपांचा माणूस. आम्ही दोघंच इथे. तो म्हणायचा, बुवा, तुमचा देव चार महिने झोपणार आणि पाण्याची ड्यूटी मात्र माझी!" ते हसले. "पण ऐकायला पहिला. पूर्वरंगात डुलक्या काढायचा आणि आख्यान सुरू झालं की डोळे पुसायचा."

बाई तासत होत्या. पाटाच्या कडेला सालीलगतचे फिकट लाकूड उरले होते. तिथे भिंग नेले आणि त्या थबकल्या. शेवटच्या चार बोटांत एकही कडे नव्हते.

"बुवा, ही जाडी सहा वर्षांची. या सहा वर्षांत पाणी बंदच केलं नाहीत?"

बुवा कोपऱ्यातून उठून पाटाजवळ आले.

"यूसुफ गेला," ते म्हणाले. "कीर्तनाला समोर कुणीतरी बसावं लागतं. झाडापुढे उभा राहिलो दोनदा. नमन झालं, पुढे शब्द निघेना. मग तोटी सोडली ती सोडलीच. देवाचा सहा वर्षांचा चातुर्मास बुडवला मी. हे कागदावर नका घालू, बाई. अधिक महिन्याचं घाला."

"ते माझ्यापुरतं पुरेसं आहे. नियंत्रक म्हणतील, योगायोग." त्यांनी भिंग खाली ठेवले. "पण पृथ्वीवर उभं राहून सहा वर्षं एकही ऋतू न पाहिलेलं रानातलं सागवान असूच शकत नाही. तुम्ही नेमाने तोटी फिरवत राहिला असतात ना, तर मी तुम्हाला वाचवू शकले नसते."

बुवांनी पाटाच्या त्या कोऱ्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग मान हलवली.

"लिहा."

बाईंनी लिहिले: 'बाह्य भागात ऋतुकडी नाहीत. लाकूड घुमटातलेच.' खाली सही केली. त्याहून अधिक काही लिहिले नाही.

बुवांनी उपरण्याने डोळे टिपले. "तुमचं यान कधी आहे?"

"परवा."

"मग उद्या संध्याकाळी," बुवांनी चाचरत विचारले, "काही काम नाही ना तुम्हाला?"