बुवापाड्यातली सरळ रेघ

या, असे जवळ सरकून बसा. कीर्तनात पूर्वरंग लांबला की पोरं पेंगतात, म्हणून थेट कथेलाच हात घालतो. कथा आपल्या अंबरनाथच्या बुवापाड्याची आहे, अगदी मे महिन्याच्या सुट्टीतली. ऐकून झाल्यावर स्वतःच्या नाकावर तुमचा थोडा जास्त विश्वास बसेल, एवढं वचन देतो.

"येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी पेटी चिखलोलीला जाणार," अल्पेशने बातमी आणली, तेव्हा शेजारची प्राची आणि सोनू कॅरम खेळत होते. सोनूचा स्ट्रायकर हातातच राहिला.

ही पेटी विद्यापीठातल्या ऋताताईची. ती हवेवर संशोधन करत होती. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत निरनिराळ्या गच्च्यांवर तिने जेवणाच्या डब्याएवढ्या पेट्या बसवल्या होत्या. पेटी एका बारीक छिद्रातून हवा ओढायची, तिच्यातले धुराचे कण मोजायची आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा मोबाइलवर पाठवायची. बुवापाड्यातली पेटी कौसाबाई नावाच्या आजींच्या गच्चीवर होती. आकडे पोरांनाही बघता यावेत अशी सोय ताईने करून दिली होती.

आता महिनाभराचे आकडे सांगत होते की बुवापाड्याची हवा सगळ्यात स्वच्छ. मग इथे पेटी ठेवायची कशाला?

सोनू अल्पेशचा धाकटा भाऊ, दहा वर्षांचा. त्याला दम्याचा त्रास. संध्याकाळी काळा, उग्र वासाचा धूर आला की आई त्याला आत घेऊन खिडक्या लावायची, आणि बाहेर बाकीच्यांचं क्रिकेट चालायचं. वडिलांनी प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात तीनदा तक्रार केली होती. प्रत्येक वेळी पुरावा आणा, असंच उत्तर मिळालं. ही पेटी म्हणजे तो पुरावा होता.

तिघं पुष्करसरांना गाठायला गेले. सर ताईचे सहकारी. दर शनिवारी सकाळी येऊन पेटीचा हिरवा दिवा बघायचे आणि फॉर्मवर खूण करून निघायचे. पोरांनी धुराचं सांगितल्यावर ते हसले. "अरे, नाकाने विज्ञान होत नाही. मशीन खोटं बोलेल का?"

"सर, तुम्ही संध्याकाळी कधी आलात का?" अल्पेशने विचारलं.

सरांना फोन आला, आणि ते फोनवर बोलत बोलत रिक्षात बसले.

"नाकाने होत नाही म्हणे," प्राची म्हणाली. "मग वहीने करू."

मंगळवारपासून तिघांनी तीन ठिकाणं वाटून घेतली. प्राची पाण्याच्या टाकीजवळ, अल्पेश दुकानापाशी, सोनू घराच्या खिडकीत. वास कधी आला, कधी गेला, घड्याळ बघून लिहायचं. शुक्रवारी त्यांनी वही आणि मोबाइल शेजारी ठेवले. चमत्कारिक प्रकार होता. दिवसभर आकड्यांची रेघ वर-खाली नाचत होती. पण वास आला की थोड्याच वेळात ती पट्टीने आखावी तशी सरळ व्हायची, आणि वास गेला की पुन्हा नाचू लागायची.

अल्पेशचा संशय पक्का झाला. नाल्यापलीकडे जुन्या वायरी जाळून तांबं काढणारी एक शेड होती. धूर तिथलाच असणार. "त्यांचाच माणूस पेटी बंद करायला गच्चीवर चढतोय. आज रंगेहाथ पकडू, बॉस."

त्या संध्याकाळी प्राची आणि अल्पेश शेजारच्या गच्चीवर टाकीमागे दबा धरून बसले. साडेसहाला वास आला. पाचच मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली. वर आल्या त्या कौसाबाई! एका हातात भला मोठा टोप, दुसऱ्या हातात ओलं फडकं. त्यांनी टोप पेटीवर पालथा घातला, कडेने फडकं नीट दाबून बसवलं, पेटीला नमस्कार केला आणि खाली निघाल्या.

अल्पेशला हसू आवरेना. प्राचीने मात्र जाऊन त्यांना विचारलं.

"अगं, त्या पोरीनं एवढं महागाचं यंत्र माझ्या भरवशावर ठेवलंय," कौसाबाई म्हणाल्या. "असल्या धुरात उघडं टाकू? पापडसुद्धा झाकते मी. धूर गेला की काढते टोप."

ऋताताईला सांगितलं तर कौसाबाईंना बोलणी बसणार, आणि न सांगावं तर सोमवारी पेटी जाणार. पोरं रात्रभर हाच विचार घोळवत राहिली. शेवटी त्यांनी शनिवारी सकाळी ऋताताईलाही बोलावून घेतलं आणि तिला व पुष्करसरांना कौसाबाईंसमोरच सगळं सांगितलं. पुष्करसरांनी कपाळाला हात लावला. टोपाखाली बाहेरची हवाच शिरली नाही, महिन्याचे आकडे फुकट गेले, म्हणाले. कौसाबाईंचा चेहरा उतरला. पदराने डोळे पुसत त्या एवढंच म्हणाल्या, की मला कुणी सांगितलं असतं तर हात लावला नसता. ते खरंच होतं. पेटी कशी चालते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"पण आजी उगाच नाही झाकत," सोनू म्हणाला. "धूर आला तरच झाकते."

मग प्राचीने वही उघडून ताईपुढे धरली. वहीतल्या चारही संध्याकाळी वासाची वेळ आणि सरळ रेघेची वेळ जुळत होती. ताईने मागचा सगळा महिना चाळला. एकोणीस संध्याकाळी तशीच सरळ रेघ.

"धूर किती होता ते यातून कळत नाही," ताई सावकाश म्हणाली, "पण केव्हा होता ते कळतं. पुष्कर, महिनाभर आजींनी आपल्यासाठी नोंद ठेवलीये. पेटी इथून हलणार नाही."

पुढचे पंधरा दिवस पेटी उघडी राहिली, आणि ठरल्या वेळी आकडे आभाळाला भिडले. त्या आकड्यांचा कागद घेऊन सोनूचे वडील आणि ऋताताई कार्यालयात गेले. या वेळी पुरावा मागायला जागा उरली नव्हती. तपासणी झाली, शेडमधली भट्टी बंद झाली. पुष्करसर मुद्दाम संध्याकाळी आले आणि पोरांना म्हणाले, की मला जे महिनाभर दिसलं नाही ते तुम्ही चार दिवसांत पाहिलंत. सोनू ते ऐकायला थांबला नाही. त्याची बॅटिंग होती.

ऋताताईचा अहवाल छापून आला. मुलांचे आभार त्यात नावानिशी आहेत. कौसाबाईंच्या जागी मात्र नियमाप्रमाणे 'स्थळ क्रमांक सात' एवढंच लिहिलंय. घरमालकांची नावं छापायची नसतात. म्हणून तुम्हाला विनंती आहे. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा तिथे कौसाबाईंचं नाव घ्या.