आतून लावलेली कडी

"ती कुणाची वाट-बिट बघत नाहीये," गाईड पोरगी भिंतीवरच्या चित्रातल्या बाईकडे बोट दाखवत शाळेच्या सहलीला ठणकावून सांगत होती. "खिडकीशी एकटी उभी आहे म्हणजे काय रडतेच आहे? पाठ बघा, कशी ताठ. आणि चपला! एक इकडे, एक तिकडे, त्यातली एक पालथी. दुःखी माणूस चपला अशा भिरकावतो होय?"

शिडीवरून कुणीतरी खुदकन हसलं. फ्रेमवाला होता, चित्राची जुनी फ्रेम काढायला आलेला. कानामागे पेन्सिल, हातात पक्कड... आणि डोळे — छे, डोळ्यांकडे तिने बघितलंच नाही. बघितलं, पण दोनदाच.

"हसायला काय झालं?"

"माझ्या चपलाही अशाच असतात. दुःख आईला होतं, मला नाही."

तेवढ्यात संग्रहालयाचे साहेब आले. चित्राखालच्या पाटीवर बोट आपटत म्हणाले, "इथे काय लिहिलंय? विरहिणी. तेच सांगायचं. नाहीतर उद्यापासून तिकीट-खिडकीत बस."

हे काम तिने वर्षभर खेटे घालून मिळवलं होतं. पण जीभ ऐकेल तर ना. "बसेन, साहेब. पण तिला उगाच रडवणार नाही."

फ्रेमवाल्याने शेवटचा खिळा उपसला, फ्रेम अलगद बाजूला केली आणि तिथेच थबकला. "साहेब... जरा बघता?"

फ्रेमखाली दोन बोटं रुंद चित्र इतकी वर्षं झाकलेलंच होतं. तिथे दार होतं. आणि दाराला कडी. आतून, तिनेच लावलेली.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पाटी उपटून खिशात घातली आणि घसा खाकरत निघून गेले. सहलही कलकलाट करत पुढच्या दालनात पळाली.

"कडीने वाचवलं तुम्हाला," फ्रेमवाला म्हणाला.

"कडी नसती तरी मी हेच म्हणाले असते."

"ते शिडीवरच कळलं होतं." तो जरा घुटमळला. मग रिकाम्या फ्रेमवर बोटाने हळूच वाजवलं. टक टक.

"कडी आतून आहे हं."

"दिसतंय की. म्हणून तर विचारतोय... संध्याकाळी सुटताना येऊ?"

तिने चित्रातल्या बाईसारखी पाठ ताठ केली, खिडकीकडे तोंड केलं आणि त्याला चांगलं ताटकळत ठेवलं. हसू लपवायला तेवढा वेळ लागणारच.

"ये," ती म्हणाली. "पण चपला सरळ ठेवायच्या नाहीत."