धवल्यातली रिकामी जागा

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. फक्त रेवदंड्याच्या कुलदीपसमोर ही गोष्ट खोटी आहे असं म्हणू नका. तो भांडणार नाही. नुसता तुमच्याकडे बघत राहील, आणि ते भांडणापेक्षा वाईट.

हे घडलं या वर्षीच्या माघात. दिवेलागणीची वेळ होती. त्याच्या धाकट्या बहिणीची, अमिषाची, दुसऱ्या दिवशी हळद होती. दारात मांडव उभा राहिला होता.

कुलदीप साउंडवाला. आसपासच्या गावांतल्या लग्नांत त्याचेच स्पीकर वाजतात. पण त्याचा लॅपटॉप बघाल तर हसाल. जुनाट, कोपऱ्यात फुटलेला. त्यावर त्यानं विंडोजऐवजी अगदी हलकं लिनक्स बसवलेलं. एका कामाला एक छोटा प्रोग्रॅम, जास्तीचं काही नाही. त्याचा मित्र विनेश काहीतरी नवं टाक म्हणून मागे लागायचा. कुलदीपचं उत्तर ठरलेलं.

"यात परतेक तुकडा सुटा हाय. बिघडला का एकेक काढत जायाचा. चोर सापडतोच."

या वाक्यावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

त्याची आई सोनूबाई धवलारीण. आगरी लग्नात धवला, म्हणजे विधींची गाणी, म्हणणारी बाई. देवांना बोलावून झालं की ती नवरीला नावानं हाक मारायची.

"ये गो अमकी, मांडवान ये."

थोरली मुलगी केसर. स्वतःच्या हळदीच्या आदल्या दिवशी ती तापानं गेली. भावाला 'कुल्या' म्हणणारी जगात ती एकटीच. तिचा मांडव तसाच उतरवला, आणि त्या दिवसापासून सोनूबाईनं धवला तोंडात घेतला नाही.

मागच्या वर्षी कुलदीप तिच्या मागे लागला.

"आय, रेकॉर्ड करून ठेवू. तुझ्यामागं कोन म्हननार?"

"समोर नवरी न्हाय त धवला म्हनाचा नसतो. आनि नाव कुनाचा घेऊ?"

"नावाची जागा मोकली सोड. जिचा लगीन, तिचा नाव मी मागून टाकीन."

नावसुद्धा त्याच्या लेखी एक सुटा तुकडाच होता.

लेकाच्या हट्टापुढे आईचं काय चालतं? दार लावून तिनं धवला म्हटला. नावाशी आली की गप्प व्हायची, क्षणभर थांबायची, मग पुढे जायची. थोड्याच दिवसांत तिला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली. आईचं गाणं उरलं ते त्या एका फाइलमध्ये.

अमिषाचं भावाकडे एकच मागणं होतं. हळदीला आईचाच धवला हवा.

म्हणून त्या संध्याकाळी कुलदीप आतल्या खोलीत बसला. शेजारी खाटेवर आई. मोबाईलवरच्या जुन्या व्हिडिओत आई "अमिषा" अशी हाक मारते, ती कापून त्याला रिकाम्या जागी बसवायची होती. दोन आवाज एकत्र ऐकता यावेत म्हणून विनेशनं दुपारीच लॅपटॉपवर साउंड सर्व्हर टाकून दिला होता. बंदरावरच्या दलालासारखा प्रोग्रॅम. आवाज कुणाचाही असो, त्याच्या हातूनच पुढे जायचा. कोण कोण वाजतंय, त्यांची नावंही तो पडद्यावर दाखवायचा.

कुलदीपनं आधी नुसती मूळ फाइल लावली.

"ये गो…"

रिकामी जागा आली.

आणि तिथे कुणीतरी… श्वास घेतला.

तो आईचा नव्हता.

त्यानं पडद्याकडे पाहिलं. ओळ एकच असायला हवी होती, फाइल वाजवणाऱ्या प्रोग्रॅमची. तिथे दोन होत्या.

दुसऱ्या ओळीला नाव नव्हतं. तिची हिरवी पट्टी मात्र… हलत होती.

"विनेशचा कारभार," तो पुटपुटला. साउंड सर्व्हर त्यानं मुळापासून काढून टाकला. आता आवाज थेट साउंड कार्डाला जाणार. त्याच्या या साध्या मांडणीत एका वेळी एकच प्रोग्रॅम वाजू शकतो. दुसरा आला तर दारातूनच परत जातो.

त्यानं फाइल पुन्हा लावली.

"ये गो… केसर… मांडवान ये."

नाव घेणारा आवाज तरुण मुलीचा होता.

त्यानं झटकन फाइल थांबवली. आईचा आवाज थांबला.

दुसरा थांबला नाही.

"केसर… केसर…"

त्यानं साउंड कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, काढला. आवाज चालूच.

स्पीकरची वायर उपटली. चालूच.

लॅपटॉपची बॅटरी काढून खाटेखाली भिरकावली. पडदा काळा झाला.

आवाज आता जास्त स्वच्छ येत होता. काढण्यासारखं टेबलावर काहीच उरलं नव्हतं.

तेव्हा त्याला कळलं… आवाज पाठीमागून येतोय.

दारात अमिषा उभी होती. डोळे उघडे, ओठ हलत होते. जिला धवल्याची एक ओळ कधी धड येत नव्हती, ती पोर अख्खा धवला म्हणत होती. आईच्याच चालीत, आईसारखीच थांबत. आणि थांबली की स्वतःच नाव भरत होती.

खाटेवर सोनूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती घाबरलेली नव्हती. तिनं आपला चांगला हात उचलला आणि दाराकडे बघून बोलावल्यासारखा हलवला.

"आय, नको!" कुलदीप ओरडला.

अमिषा दचकली. "काय झाला दादूस? कशाला ओरडतोस?"

तिला काही आठवत नव्हतं.

ती गेल्यावर कुलदीपनं लॅपटॉप पुन्हा चालू केला आणि फाइल पुसली. आईचा आवाज त्यानं स्वतःच्या हातानं पुसला आणि मांडवात जाऊन लहान पोरासारखा रडला. बाकी करण्यासारखं काय होतं? लग्न मोडावं तर कारण काय सांगावं?

हळद झाली, लग्नही झालं. आईचा धवला लागला नाही म्हणून अमिषा रुसली, पण नागावला सासरी नीट नांदू लागली. नंतर एका दुपारी त्यानं तिला फोन लावला.

"हॅलो, अमिषा?"

बराच वेळ नुसता श्वास…

"अमिषा निजलीय, कुल्या."

आणि फोन ठेवला गेला.

तो तसाच रिक्षानं नागावला गेला. अमिषानं हसत दार उघडलं, दादूस म्हणाली, चहा केला. फोन आलाच नव्हता म्हणाली. तो चहा संपेपर्यंत तिच्या ओठांकडे बघत बसला. अजूनही अधूनमधून जातो आणि तसाच बघत बसतो. तिनं त्याला पुन्हा कधी कुल्या म्हटलेलं नाही.

घरी आला की सोनूबाई खाटेवरून हातानं विचारते. बऱ्या आहेत ना पोरी?

दरवेळी ती दोन बोटं वर करते.

कुलदीप मान हलवतो आणि पाणी आणायला आत जातो.