शेवटून दुसरी

पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर तिच्या सायकलची चेन निसटली, ती धडपडली, आणि मागून येणारा सायकलवाला थांबला.

"लागलं का कुठे?"

"मला नाही... अब्रूला लागलंय थोडं."

तो हसला. त्याने चेन बसवून दिली, तेव्हा हात पुसायला तिने चष्मे पुसायचा मऊ कपडा पुढे केला — ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. वय अठ्ठावीस, सायकल शिकून जेमतेम तीन महिने, आणि तीन आठवड्यांनी होणाऱ्या पन्नास किलोमीटरच्या ग्रुप राइडला नाव देऊन बसलेली! "टेम्पोत घालून आणावं लागेल तुला," थोरला भाऊ उठता-बसता ऐकवायचा.

हा सायकलवाला त्याच ग्रुपमधला निघाला. सगळ्यांच्या मागे राहून रेंगाळणाऱ्यांना सांभाळून आणायचं, हे त्याचं काम. म्हणून सगळे त्याला 'शेपूट' म्हणत.

मग रोज सकाळी त्याच्याबरोबर सराव. पुढच्याच्या चाकापासून अंतर किती ठेवायचं, खड्डा आला की हात खाली करून मागच्याला कसा दाखवायचा... एक हात सोडला की तिची सायकल झिंगल्यासारखी जायची.

"रस्त्याकडे बघा, माझ्याकडे नको."

"तुमच्याकडे कोण बघतंय?" ती म्हणाली खरी... पण कान लाल झाले.

राइडच्या दिवशी ती शेवटून दुसरी होती. शेवटच्या मोठ्या चढाच्या पायथ्याशी तिच्या पुढच्या एका काकांचं चाक पंक्चर झालं. शेपूट थांबला. तिनेही ब्रेक दाबला.

"तुम्ही व्हा पुढे."

"एकटी?"

"जमेल तुम्हाला. मला माहितीय."

मांड्या भरून आल्या, घशाला कोरड पडली, दोनदा वाटलं उतरावं... ती उतरली नाही. वर पोचली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि मान ताठ. इथवर आले — मी, माझ्या पायांनी!

वीस मिनिटांनी तो धापा टाकत आला.

"किती वेळ लावलास!" बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"पुन्हा म्हण ना... तीन आठवडे वाट बघतोय, तू मला 'अरे-तुरे' कधी करतेस त्याची."

"मग ऐक. मला तू आवडतोस. आणि अख्खा चढ एका दमात चढून आलेली बाई सांगतेय हे, तेव्हा थट्टा समजू नकोस."

शेपूट गर्रकन वळून वर थांबलेल्या ग्रुपकडे बघत ओरडला, "ऐका रे! ही एकटी चढून आली!"

"ते आम्ही बघितलं!" तिकडून आवाज आला. "पुढचं बोल!"

आणि शेपूट, लाजून लालेलाल, मागे न राहता तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.