खारीचा जादा पीळ

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी माझ्या आत्याकडे जाऊन ती लेस बघावी. डाव्या कडेची चूक अजून तशीच आहे.

गोष्ट मंगळवारची. रात्रीची नाही, भर दुपारची. आत्याच्या वर्गात, साडेतीनच्या सुमारास घडलेली.

आत्या मुलांना हाताने लेस विणायला शिकवते. भुसा भरलेली घट्ट गादी, तिच्यावर नक्षीचा कागद, कागदात टोचलेल्या टाचण्या, आणि बोटाएवढ्या लाकडी रिळांवर गुंडाळलेला दोरा. रिळं जोडीजोडीने हलवायची. ओलांडा, पीळ, टाचणी. मुलं ते पाढ्यासारखं म्हणतात आणि रिळं एकमेकांवर आपटून टकटक वाजतात.

चाळीस वर्षांत तिने कुणावर आवाज चढवला नाही. चूक दिसली की मुलाशेजारी बसायचं, टाचण्या काढायच्या, रिळं उलटी चालवत चुकीपर्यंत मागे यायचं. "घाबरू नकोस. उसवलेलं पुन्हा होतं," हे तिचं ठरलेलं वाक्य.

वर्गात एक नऊ वर्षांची पोरगी होती. एका जागी बसेल तर शपथ. म्हणून सगळे तिला खार म्हणायचे. ओळ संपत आली की खार खिडकीबाहेर बघायची, आणि डाव्या कडेला एक पीळ जास्त पडायचा. दर ओळीला. "तुझ्यातच पीळ जास्त आहे गं," आत्या हसत म्हणायची आणि उसवायची.

मग खारीला ताप आला. तो डोक्यात गेला. अकरा दिवस ती दवाखान्यात डोळे मिटून पडून होती.

तिची गादी आत्याने कपाटावर ठेवली होती. वर कापड झाकून.

शुक्रवारी सगळ्या मुलांचे हात थांबले होते, तेव्हा आवाज आला.

टक… टक…

आत्याला वाटलं, कुणीतरी चावटपणा करतंय. शनिवारी पुन्हा. सोमवारी पुन्हा. कबूल कुणीच होईना.

मंगळवारी तिने गादी खाली उतरवली. कापड काढलं…

चार ओळी नव्या होत्या.

चारही ओळींना डाव्या कडेला एक पीळ जास्त.

कुणी पोराने नक्कल केली असेल, असं तिच्या मनात आलं. पण मनाआधी हात चालले. टाचण्या निघाल्या. रिळं उलटी फिरली. एक ओळ. दुसरी. तिसरी.

फोन वाजला.

खारीची आई होती. चार दिवस पोर जरा जरा परत येत होती, म्हणाली. शुक्रवारी बोट हललं. मग पापणी. मग ओठ. आज सकाळी तर चमचाभर पाणी गिळलं. आणि आत्ता, या दहा मिनिटांत…

"बाई, तिचे हात गार पडत चाललेत हो."

आत्याने हातातल्या टाचण्यांकडे पाहिलं.

तिने मुलांना घरी पाठवलं. फोन कानाशी खांद्याने दाबून धरला आणि विणायला बसली. ओलांडा, पीळ, टाचणी. कड आली…

एकच पीळ पडला.

तिने उसवलं. पुन्हा एकच. ठरवून दोन घातले, तर बोटांनी पुढच्याच क्षणी एक सोडवला. चाळीस वर्षांचे हात. त्यांना चुकताच येईना. पलीकडे आई डॉक्टरांना हाका मारत होती. आत्या आपल्याच हातांच्या विनवण्या करू लागली. चुका रे. एकदा चुका.

मग तिला खिडकी आठवली.

ओळ संपत आली तशी तिने मान वळवली. बाहेर एका तारेवर टॉवेल वाळत होता. त्याच्याकडे बघत राहिली. खाली बघितलंच नाही.

खाली बघितलं, तेव्हा पीळ दोन होते.

तशीच दुसरी ओळ झाली. बोटं मोकळी करायला तिने हात मांडीवर घेतले.

टक…

तिसरी ओळ चालू झाली. आत्याचे दोन्ही हात मांडीवरच होते.

फोनमध्ये कुणीतरी खोकलं. लहान मुलाचा खोकला होता. मग आई रडायला लागली.

महिन्याने खार वर्गात आली. वाळलेली, केस कापलेले. फोनवर काय झालं, गादीवर काय झालं, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने गादी मांडीवर घेतली, लेसवरून बोट फिरवत नेलं आणि दोन ओळींवर थांबली.

"ह्या माझ्या नाहीत. ह्या तुमच्या."

आत्या तिच्याशेजारी बसली.

"बाई, माझ्या का उसवल्यात? मी त्याच धरून येत होते."

आत्या अजून शिकवते. पण कुणाची चूक दिसली तरी उसवत नाही. ते ठरलेलं वाक्यही म्हणत नाही. चाळीस वर्षांत मध्येच वर्ग सोडून गेलेली, पुन्हा कधीच न आलेली काही मुलं होती. त्यांच्या गाद्या माळ्यावर आहेत.

परवा तिने मला शिडी धरायला बोलावलं. वर चढली, पहिल्याच गादीवरच्या कापडापर्यंत हात नेला…

आणि कापड न काढताच खाली उतरली.